लक्षण, लांछन आणि गोंदण : बौद्ध देहविचाराची एक चिकित्सा

गोंदण आणि कान-नाक टोचणे यांविषयी बौद्ध धम्माची भूमिका कोणती, या प्रश्नाला सामान्यतः दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. पंचशीलात त्याचा उल्लेख नाही, म्हणून उपासकाला मुभा आहे, हे पहिले. विनयपिटकात देहभूषणाचा निषेध आहे, म्हणून ते धम्मबाह्य आहे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांना ग्रंथाधार आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. देहावर खूण असावी की नसावी, यापेक्षा ती खूण कोणी, कोणत्या अधिकाराने उमटवली आणि धारण करणारा तिच्याकडे कोणत्या चित्ताने पाहतो, हा प्रश्न बौद्ध विचारात अधिक मूलगामी ठरतो. महाराष्ट्रातील धर्मांतरित समाजाच्या संदर्भात तर तो टाळताच येत नाही.

निषेधवाद्यांचा मुख्य आधार महावग्गातील प्रव्रज्येचे नियम हा होय. ज्याला शिक्षा म्हणून डागले आहे, अशा ‘लक्खणाहत’ मनुष्याला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तेथे आहे. परंतु त्याच्या आगेमागे येणारे नियम चाबकाचे फटके खाल्लेला, फरारी चोर, ऋणको, दास आणि राजसेवेतील सैनिक यांच्याविषयी आहेत. म्हणजे प्रश्न त्वचेचा नसून दंडसत्तेचा आहे. अशा व्यक्तींना प्रवेश दिल्यास लोक संघाला नावे ठेवतील, ही नियमामागील चिंता ग्रंथातच नमूद आहे. स्वेच्छेने गोंदवून घेतलेल्या हातावर हा नियम लादणे ही संदर्भभ्रष्ट वाचनाची खूण होय. शिवाय ज्या ‘लक्खण’ शब्दाने डागलेला गुन्हेगार ओळखला जातो, त्याच शब्दाने महापुरुषाची बत्तीस लक्षणेही सांगितली जातात. शब्द एकच, एकाच्या अंगावर राजाची शिक्षा, दुसऱ्याच्या अंगावर पूर्वकर्माचे पुण्य. ब्रह्मजालसुत्तात मात्र अंगावरील लक्षणे वाचून भविष्य सांगण्याच्या धंद्याला हीन विद्या ठरवून बाजूला सारले आहे.

चुल्लवग्गातील नियम अधिक नेमका आहे. षड्वर्गीय भिक्षू कुंडले, कंठभूषणे, कडी, अंगठ्या घालू लागले, चेहऱ्याला लेप आणि मनशीळेची चिन्हे लावू लागले, तेव्हा कामभोगी गृहस्थांसारखे हे वागणे, अशी टीका झाली आणि बंदी आली. लेपाला आजारपणात मुभा मिळाली. म्हणजे वस्तू नव्हे, हेतू दोषास्पद. मनशीळेने खूण करण्यासाठी येथे जे क्रियापद येते, ते ‘लांछन’ या शब्दाच्याच कुळातील आहे. जैन परंपरेत तीर्थंकराचे लांछन ही केवळ ओळख. मराठीत मात्र लांछन म्हणजे कलंक. खूण आणि कलंक यांच्यातील अंतर किती झपाट्याने मिटते, हे भाषेने परस्पर सांगून टाकले आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत हा प्रश्न दगडात पाहता येतो. गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिच्या दानलेखाने ख्यातकीर्त झालेले लेणे क्रमांक 3 किंवा नहपानाचा जावई उषवदात याचे लेणे क्रमांक 10 ही मूलतः बुद्धमूर्तीविना कोरली गेली. पुढे महायान काळात येथे मूर्ती आल्या. बुद्धाच्या कानांच्या पाळ्या लांबलेल्या आणि रित्या. अनुचर बोधिसत्त्वांच्या अंगावर मात्र अलंकार. लांब पाळी बत्तीस लक्षणांच्या यादीत नाही. राजपुत्रपणीच्या जड कुंडलांचा तो अवशेष, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा अर्थ ग्राह्य धरल्यास मूर्तिकाराने टोचलेला कान लपवला नाही, बुजवलाही नाही. त्यातील दागिना तेवढा काढून ठेवला. याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर हे नाथपंथाचे पीठ. तेथील दर्शनी नाथासाठी कान फाडून कुंडल धारण करणे हीच दीक्षेची खूण. बौद्ध प्रव्रज्येत उलट कुंडल उतरवावे लागते. देहाला छिद्र दोन्हीकडे आहे, दिशा विरुद्ध आहे.

तथापि आधुनिक महाराष्ट्रात हा प्रश्न लेण्यांतून आलेला नाही. तो जातीच्या अनुभवातून आला. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी जे अडवले गेले, त्यांच्या अंगावर डाग नव्हता. समाज त्यांचा देहच डाग म्हणून वाचत होता. त्यापूर्वी डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना जात ओळखू येईल असे दागिने आणि लुगडे नेसण्याची पद्धत सोडण्याचे आवाहन केले होते. अलंकारत्यागाचा हा उपदेश विनयाशी वरकरणी जुळतो, पण त्याचे कारण वैराग्य नव्हे. दुसऱ्याने लावलेली ओळख नाकारणे हे होय.

दागिना उतरवता येतो, गोंदण उतरत नाही. तुळशीवृंदावन, देवांची नावे, कपाळावरील ठिपके ही ग्रामीण स्त्रीच्या देहावरील चिन्हे सार्वत्रिक होती. मेल्यावर सारे मागे राहते, बरोबर येते ते गोंदण, ही श्रद्धाही दृढ होती. 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णांचे देवत्व नाकारले गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाने आत्म्याचे अस्तित्व नाकारले. देवनाम हातावर मिरवणाऱ्या उपासिकेच्या बाबतीत प्रतिज्ञा आणि त्वचा यांचा विसंवाद झाला. मात्र ते गोंदण पुसून टाका, अशी अट कोणत्याही प्रतिज्ञेत नाही. खूण राहिली, तिच्यावरील विश्वास गेला. अनात्मवादाचे याहून स्पष्ट उदाहरण ग्रंथांत शोधूनही सहज सापडणार नाही. धर्मांतराच्या अभ्यासकांनी या हातांकडे फारसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची बाब आहे.

आजच्या तरुणांच्या मनगटावरील ‘जय भीम’, अशोकचक्र किंवा बुद्धमुख यांचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर व्हावे. महाडच्या उपदेशाशी ते विसंगत भासते: तेथे ओळखू येऊ नये म्हणून खूण टाकली, येथे ओळखू यावे म्हणून घेतली. परंतु स्वेच्छा हा फरक निर्णायक आहे. या ओळखीची किंमतही काल्पनिक नाही. 2015 साली शिर्डीत भीमगीताच्या रिंगटोनवरून दलित तरुणाच्या हत्येचे प्रकरण घडले. मोबाइलचा आवाज बंद करता येतो, मनगट नाही. म्हणून या गोंदणास निव्वळ फॅशन ठरवणारी टीका उथळ आहे. बुद्धमुखाबाबत मात्र आक्षेपाला जागा आहे. श्रीलंकेत 2014 मध्ये दंडावर बुद्धप्रतिमा गोंदलेल्या ब्रिटिश पर्यटक स्त्रीला परत पाठवण्यात आले. 2017 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई मंजूर केली. शासनाची कृती अतिरेकी होती. पण प्रतिमा अंगावर घेऊन ‘मी’ अधिक ठळक करणे आणि ‘मी’ची पकड सैल करण्याचा उपदेश यांतील ताण न्यायालय सोडवू शकत नाही.

हा ताण महाराष्ट्रातील श्रामणेर शिबिरांत प्रत्यक्ष उभा राहतो. केशवपन होते, अंगठी, साखळी, कानातील बाळी उतरवली जाते. चीवर मात्र एकांस पद्धतीने पांघरले जाते आणि उजवा दंड उघडा राहतो. त्यावर जे गोंदलेले असेल ते काषायाच्या काठाशी, सर्वांच्या दृष्टीसमोर असते. विनयात या दंडासाठी नियम नाही.