वसतिगृहाच्या आठवणी आणि परतीची वाट
भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर पुण्यातील वसतिगृहाचे दिवस आठवतो. मित्रांचा गोतावळा असूनही तो एकाकी राहतो, हा त्याचा सर्वपरिचित विशेष होय. मात्र हे एकाकीपण कशाच्या आधारावर उभे आहे, हेही पाहावयास हवे. शिक्षणाचा खर्च वडील उचलतात आणि अपयशानंतरही गावातील घराचे दार उघडेच असते. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनातील बोर्डिंगमागे असा आधार नाही. तेथील मुलाच्या दृष्टीने गावाकडे परतणे म्हणजे गावकीच्या कामाकडेच परतणे होय. सांगवीकराला वसतिगृह सोडता येते. या मुलाला ते सोडणे परवडणारे नसते. म्हणूनच वसतिगृहाच्या आठवणींची समीक्षा करताना आठवणाऱ्याची परतीची वाटही तपासणे अगत्याचे ठरते.