चुकणार हे गृहीत धरणारं यंत्र

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या वेळी आपण ज्ञानाच्या प्रामाण्याबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एक श्रोते भेटले. बँकांच्या संगणक यंत्रणेवर काम करतात, बहुधा रात्रपाळीला. त्यांनी विचारलं, "सर, हा मीमांसक आणि नैयायिकांचा वाद आज कुणाच्या कामाचा?" आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि ते आम्हालाच पटलं नाही. मग त्यांचं यंत्र कोणतं, ते विचारलं. म्हणाले, मेनफ्रेम. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, अभियांत्रिकी नाही. पण गेले काही महिने या यंत्राविषयी वाचत होतो, आणि आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

एखाद्या ग्रंथाची समीक्षा करावी तशी आपण या यंत्राच्या रचनेची समीक्षा करू. रचनेलाही एक म्हणणं असतं. ते काय आहे, ते खरं उतरलं का, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे तीन प्रश्न.

आधी एक गैरसमज दूर करू. मेनफ्रेम म्हणजे सर्वांत वेगवान संगणक नव्हे. हवामानाचं एकच अवजड गणित सोडवायचं तर महासंगणक लागतो. मेनफ्रेमचं काम निराळं. हजारो माणसं एकाच वेळी पैसे काढतायत, भरतायत, तिकीट रद्द करतायत. प्रत्येक काम लहान, पण एकही हरवता कामा नये आणि दोनदा होता कामा नये. म्हणून या यंत्रात आवक-जावक सांभाळायला सुरुवातीपासून वेगळी व्यवस्था आहे. तिला चॅनेल म्हणतात. मुख्य प्रोसेसर चॅनेलला कामांची यादी देतो आणि स्वतःच्या हिशोबाला लागतो. डिस्कवरून काय आणायचं, कुठे ठेवायचं, ते चॅनेल पाहतो आणि झालं की वर्दी देतो. जुन्या कचेरीत साहेब स्वतः टपाल फोडत बसत नसत, तसंच.

आता मूळ संहितेकडे येऊ. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. त्याआधी त्याच कंपनीची यंत्रं एकमेकांना परकी होती. १४०१ या छोट्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम ७०९० या मोठ्या यंत्रावर चालत नसे. व्यवसाय वाढला, मोठं यंत्र घेतलं, की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहा. सिस्टिम/३६० ने वचन दिलं की लहान-मोठी सगळी यंत्रं एकच भाषा बोलतील.

याच वर्षी जीन अ‍ॅमडाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेड ब्रुक्स यांनी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी 'आर्किटेक्चर' म्हणजे वास्तुरचना हा शब्द एका नेमक्या अर्थाने वापरला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यंत्र जसं दिसतं आणि जसं वागतं, ती वास्तुरचना. आत तारा कशा जोडल्यात, कोणती विद्युत मंडलं आहेत, हा वेगळा मुद्दा. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी यंत्राचं रूप आणि यंत्राचं द्रव्य यांची फारकत केली. स्वस्त यंत्रात तीच आज्ञा अनेक छोट्या पायऱ्यांनी पार पडेल, महागड्या यंत्रात थेट आणि झटपट; उत्तर मात्र तेच. आठ बिटांचा बाइट आज आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो, तोही रूढ झाला तो मुख्यतः याच घराण्यामुळे.

हे वचन पाळलं गेलं का? आश्चर्य वाटेल, पण बऱ्याच अंशी पाळलं गेलं. साठीच्या दशकातले सामान्य प्रोग्रॅम आजच्या यंत्रांवर चालू शकतात. द्रव्य कितीदा बदललं पाहा. नव्वदीच्या दशकात पाण्याने थंड कराव्या लागणाऱ्या जुन्या धाटणीच्या चिपा गेल्या आणि सीमॉस चिपा आल्या. २००० साली पत्ते ६४ बिटांचे झाले. २०२२ च्या झेड१६ मध्ये दोनशेपर्यंत कोअर आणि चाळीस टेराबाइटपर्यंत मेमरी घेता येते. रूप टिकलं.

पण वचन पाळण्याची किंमत कशी असते, त्याचं एक उदाहरण आम्हाला फार बोलकं वाटतं. सिस्टिम/३६० मध्ये रजिस्टर ३२ बिटांचं होतं, पण मेमरीचा पत्ता २४ बिटांचा. म्हणजे १६ मेगाबाइट. १९६४ मध्ये एवढी मेमरी कोण घेणार? उरलेले आठ बिट यंत्र पत्ता वाचताना सोडून देई. मेमरी महाग होती, प्रोग्रॅमर काटकसरी होते. त्यांनी त्या रिकाम्या जागेत आपापल्या खुणा ठेवायला सुरुवात केली. खुद्द यंत्राची एक आज्ञाही तिथे आपली माहिती ठेवत असे. ऐंशीच्या दशकात १६ मेगाबाइट अपुरे पडले. पत्ता सरळ ३२ बिटांचा करायला हवा होता. पण त्या रिकाम्या खोल्यांत वीस वर्षांची वस्ती झाली होती! मग तडजोड झाली: पत्ता ३१ बिटांचा, आणि उरलेला एक बिट हा जुना रहिवासी की नवा, हे ओळखण्यासाठी. जगात ३१ बिटांचा विचित्र आकडा आला तो असा.

यातून धडा काय? रचनाकाराने जे लिहिलं तेवढंच शास्त्र होत नाही. त्याने जे मोकळं सोडलं, तिथे रूढी तयार होते, आणि रूढी पुरेशी जुनी झाली की तीच शास्त्र होते. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना हे नवीन नाही. अभियंत्यांना ते महागात कळलं.

आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे येऊ. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते स्वभावतः प्रमाणच. उलट पुरावा मिळाला तरच ते टाकायचं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. लांबून पाणी दिसलं, जाऊन प्यायलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान प्रमाण होतं हे कळलं. आपल्या घरातला संगणक मीमांसक आहे. गणित केलं की उत्तर बरोबरच, असं धरून तो पुढे जातो. बहुतेक वेळा चालून जातं.

मेनफ्रेम मात्र नैयायिक आहे. १९९८ च्या जी५ या प्रोसेसरचं उदाहरण घ्या. त्यात आज्ञा समजून घेणारा आणि ती पार पाडणारा भाग दोन-दोन होते. दोघं तेच काम करत आणि उत्तरं ताडून पाहिली जात. जुळली तरच निकाल पक्का. नाही जुळली तर यंत्र शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर परत जाई आणि पुन्हा करून पाही. तरीही बिघाड कायम राहिला तर तो खात्रीचा टप्पा राखीव प्रोसेसरकडे सोपवून काम तिथून पुढे चालू करता येई. वर चाललेल्या प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नसे. पुढच्या पिढ्यांमध्ये ही जुळी रचना सोडून तपासणी घटकांच्या आतच गुंफली गेली. तत्त्व तेच राहिलं. मेमरीतही तेच. २०१० च्या झेड१९६ मध्ये माहिती पाच वाहिन्यांत अशी पसरलेली असे की एक पूर्ण वाहिनी निकामी झाली तरी ती परत उभी करता येई.

आम्हाला या रचनेचं सर्वांत मोठं मोल इथे दिसतं. भाग निकामी होणारच, हे तिने लाज न बाळगता मान्य केलं. 'आमचा भाग उत्तम आहे' असं म्हणून ती थांबली नाही. 'तो बिघडेल तेव्हा काय?' हे तिने आधी विचारलं.

पण मीमांसकाचा आक्षेप विसरू नका. तपासणाऱ्याला कोण तपासणार? त्याला तपासणाऱ्याला कोण? ही अनवस्था. अभियंता या साखळीला खर्चाच्या हिशोबाने कुठेतरी गाठ मारतो, आणि ते योग्यच आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दोन जुळे एकच उत्तर देतात म्हणून ते उत्तर खरं ठरत नाही. दोघांना एकच चूक शिकवली असेल तर दोघं एकमताने चुकतील. यंत्राची तपासणी फक्त एवढंच सांगते की सांगितलं तसं केलं. सांगितलेलं बरोबर होतं का, याबद्दल ती मुकी आहे.

वर्ष दोन अंकांत लिहिण्याची सवय आठवा. जागा वाचवण्यासाठी १९६५ ऐवजी नुसतं ६५. यंत्रांनी ती चूक दशकानुदशकं अत्यंत विश्वासूपणे जपली. ती दुरुस्त करायला नव्वदीच्या दशकाअखेर जगभर माणसं बसली. त्यात पुण्या-मुंबईची किती मुलं-मुली होती, हे इथल्या अनेकांना घरातूनच ठाऊक असेल. दुसऱ्यांच्या वडिलांच्या वयाचे प्रोग्रॅम ओळ-ओळ वाचणं हे एका पिढीचं पहिलं काम होतं.

आता आमची तक्रार. पहिली, जाहिरातीच्या भाषेबद्दल. आजच्या यंत्रांबाबत ९९.९९९९९ टक्के उपलब्धतेचा दावा केला जातो. हिशोब केला तर वर्षाला साधारण तीन सेकंद बंद. हा दावा विशिष्ट मांडणीतल्या यंत्रांच्या रचनेबद्दल आहे. खिडकीशी उभ्या माणसाला मिळणाऱ्या सेवेबद्दल नाही. मधलं जाळं, वरचा प्रोग्रॅम, चुकीचं बटण दाबणारा दमलेला माणूस, हे सगळं त्या सात नवांच्या बाहेर आहे. दावा खोटा नाही, पण ऐकणारा तो ज्या अर्थाने घेतो त्या अर्थाने खराही नाही.

दुसरी तक्रार सामर्थ्याबद्दल. मेनफ्रेममध्ये जेवढे कोअर बसवलेले असतात, तेवढे सगळे गिऱ्हाइकाला खुले नसतात. पैसे भराल तेवढे खुलतात. काही कोअर फक्त लिनक्ससाठी, काही ठरावीक कामांसाठी. चिप तीच, जात तीच. फरक आतल्या सूचनांचा आणि कराराचा. लहान गिऱ्हाइकाला तोच कोअर मुद्दाम मंद करून दिला जातो. सॉफ्टवेअरचं भाडं अनेकदा चार तासांच्या सरकत्या सरासरीवर ठरतं, त्यामुळे जाणकार माणसं आपली बुद्धी काम नीट करण्याऐवजी ते कधी केलं तर कमी बिल येईल यात घालवतात. अडचणीच्या वेळी कुलूप उघडून लगेच जास्त शक्ती मिळते, हा फायदा खरा आहे, नाकारत नाही. तरीही 'हे यंत्र काय करू शकतं?' या प्रश्नाचं उत्तर आता धातू आणि वीज देत नाहीत, करारपत्र देतं. आणि ज्याचे प्रोग्रॅम साठ वर्षं एकाच घरात नांदले, तो घासाघीस कशाच्या बळावर करणार? सुसंगतीचं वचन पाळलं गेलं, पण ते दोघांनाही बांधतं आणि गिऱ्हाइकाला जरा घट्ट बांधतं.

तिसरी तक्रार यंत्राबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला. लोक अडकून पडले. राज्यपालांनी जाहीर आवाहन केलं की कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत. दोष जुन्या मेनफ्रेमवर गेला. पुढे इतिहासकार मार हिक्स यांनी दाखवून दिलं की अडचण मुख्यतः लोक जिथून अर्ज करत होते त्या नव्या, इंटरनेटवरच्या भागात होती, आणि त्याहूनही, देखभाल करणारी माणसं कमी करून टाकण्यात होती. जुनं म्हणून दोषी, हा तर्क सोपा पडतो. यंत्रात राखीव प्रोसेसर ठेवला होता. जाणकार माणूस मात्र राखीव ठेवला नव्हता.

तर त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं. तुम्ही ज्या यंत्रावर रात्रपाळी करता, त्यात तो वाद रोज जिवंत असतो. यंत्राला आम्ही रचना म्हणून उत्तम गुण देऊ. पण स्वतःची चूक ताडून पाहण्याची, मागच्या खात्रीच्या टप्प्यावर परतण्याची जी सोय आपण यंत्रात केली, ती आपल्या कचेऱ्यांत, बँकांत आणि हो, विद्यापीठांतही केलेली नाही. तिथे अजून सगळे मीमांसक आहेत: वरून आलं ते प्रमाण. खात्यात चूक झाली तर 'सिस्टिममध्ये असंच दिसतंय' हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलंय. सिस्टिमला एवढंच ठाऊक आहे की सांगितलं तसं केलं. सांगितलं कुणी, हे विचारायचं काम आपलं आहे.

पुढच्या वेळी अनवस्थेचा प्रश्न सविस्तर घेऊ. तुमचे प्रश्न लिहून आणा, म्हणजे या वेळेसारखा उत्तराला उशीर होणार नाही.