ताडीवर फुगलेला फुगा

फुगा म्हणजे मैद्याचा तळलेला गोल पाव. तो गरम असताना मधोमध फोडला की आधी वाफ येते आणि वाफेबरोबर वास. तो घाई न करता घ्यावा. नारळाच्या दुधाचा स्निग्ध गोडवा लगेच ओळखू येतो, त्याला अंड्याचा भरीवपणा चिकटलेला असतो. या दोघांच्या मागून एक तिसरी छटा हळूच वर येते, पिकून ओघळू लागलेल्या फळासारखी, किंचित आंबूस. ही छटा असेल तर समजावं, फुगा ताडीवर फुगलेला आहे. माझ्या मते फुग्याची खरी थोरवी त्या तिसऱ्या छटेत आहे.

अंधेरीकडची मरोळ, चकाला, अंबोली, सहार ही गावठाणं किंवा बोरिवलीहून खाडी ओलांडून लागणारी गोराई, ही सारी ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती. हे लोक इथलेच. 16व्या शतकात पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, पण घरातली बोली मराठी राहिली. गोव्याहून कामासाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपली वेगळी ओळख राहावी म्हणून त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. त्यांच्या लग्नात आणि नाताळात फुगे हवेतच, शेजारी डुकराच्या मांसाचं सोरपोतेल किंवा समाजाच्या खास बॉटल मसाल्याचा रस्सा.

साहित्य घरोघर साधारण सारखंच: मैदा, अंडी, नारळाचं दूध, मीठ, थोडी साखर. मग एका घरचा फुगा दुसऱ्या घरच्या फुग्याहून इतका वेगळा का लागतो? हाताचा भाग आहेच. पण मोठा भाग त्या पातळ, पांढुरक्या, फेसाळ खमिराचा. ताडी म्हणजे झाडावरून उतरवलेलं द्रवरूप यीस्ट. ते कोणतं घ्यायचं, केव्हा घ्यायचं आणि किती ओतायचं, या तीन निर्णयांत फुग्याची चव ठरून जाते.

ताडाच्या किंवा माडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला छेद देऊन त्याखाली मडकं बांधतात. थेंबथेंब गळणारा रस ताजा असताना नितळ आणि गोड असतो, त्यात दहा-पंधरा टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं रोखलं जातं आणि हाती नीरा येते. चुना नसला की हवेतले, फुलोऱ्यावरचे आणि मुख्य म्हणजे जुन्या मडक्याच्या भिंतीत मुरलेले सूक्ष्मजीव कामाला लागतात. आदल्या दिवसाचं मडकं आजच्या रसाला विरजण लावतं. त्यामुळे एकाच झाडाच्या ताडीला एक टिकाऊ स्वभाव येतो.

या रसात मुख्य काम करतं ते सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पाव फुगवणारं आणि एल जातीची बीअर आंबवणारं तेच यीस्ट. पण ते एकटं नसतं. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, झायमोमोनास असतो, आणि वेळ जाईल तसे शिरका करणारे जिवाणूही येतात. पैकी झायमोमोनास युरोपातल्या सफरचंदाच्या सायडरमध्ये शिरला तर सायडर नासलं असं मानतात. ताडीत तो घरचाच.

बीअर करणाऱ्याची वाट नेमकी उलटी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी 1883 मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट भट्टीत वापरून दाखवलं आणि बीअरची चव हुकमी झाली. आज घरी बीअर करणारा परदेशी शौकीन द्रवरूप यीस्टची पिशवी निवडतो, ती त्याच परंपरेतली. एका जातीच्या यीस्टने बव्हेरियाच्या गव्हाच्या बीअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तर दुसरी जात मागे सरून माल्टला आणि हॉप्सला बोलू देते. मग तो हिशेब करतो. एल बीअरसाठी दर मिलीलिटरला, साखरेच्या प्रत्येक अंश प्लेटोमागे (रसातल्या साखरेचं प्रमाण मोजायचं एकक), साडेसात लाख पेशी धरतात. म्हणजे बारा अंशांच्या वीस लिटर माल्टच्या रसाला अठरा हजार कोटी पेशी लागतात. ताज्या पिशवीत साधारण दहा हजार कोटी असतात आणि पिशवी जुनी होईल तशा मरत जातात. म्हणून आधी थोड्या माल्टच्या पाण्यात यीस्ट वाढवून घ्यायचं, मग ओतायचं. पेशी कमी पडल्या तर यीस्ट ताणाखाली वाढतं आणि नको ते वास सोडतं.

आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बीअर करायला कायद्याची मुभा नाही, आणि हवाही तिच्या बाजूची नाही. एल अठरा-वीस अंश सेल्सिअसला नीट आंबते, लागर त्याहून बऱ्याच थंडीत. मुंबईच्या उपनगरातली खोली बहुतेक वर्षभर तिशीच्या आसपास. बीअरमध्ये एवढ्या उष्णतेने उग्र वास शिरतात. मैद्याच्या गोळ्यात मात्र तिशीतच यीस्ट सर्वात जोमाने वाढतं. गावठाणातल्या बायकांनी याच हवेला मानवणारं खमीर निवडलं, ही त्यांची जाण मला फार मोलाची वाटते.

पेशी मोजण्याचं काम त्या नाकाने आणि कानाने करतात. पहाटे उतरलेली ताडी फार गोड. तिच्यात यीस्ट अजून थोडं, गोळा आळसावतो. काही तासांनी तिला बारीक फेस धरतो, भांड्याशी कान नेला तर चुरचुर ऐकू येते, आणि जिभेवर गोड, आंबट आणि कडवट एकाच तोलात येतात. ओतायची ती याच घडीला. संध्याकाळपर्यंत साखर संपत येते, शिरक्याचा झणका वर चढतो. ती ताडी पिणाऱ्याला चालेल, फुग्याला चालणार नाही.

निर्णय बरोबर होता की नाही, हे तयार फुगा सांगतो. आधी रंग पाहावा. मूठ दाबून अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर काढला, तेलात सोडला, तो टम्म फुगला आणि बदामी झाला, तर यीस्टने साखर खाऊनही थोडी शिल्लक ठेवली होती. फुगा फिकाच राहिला, तर गोळा जास्त आंबला आणि रंग धरायला साखर उरली नाही. मग आतली जाळी पाहावी. मोठी-लहान छिद्रं मिसळलेली आणि बोटाने दाबल्यावर उसळी घेणारी जाळी उत्तम. आम्ल फार झालं की गोळा सैलावतो आणि फुगा तेल पितो. शेवटी चव. तळताना मद्यार्क उडून जातो, शिरक्याचा काही अंश जातो, पण लॅक्टिक आम्ल उडत नाही. घास गिळल्यावर जिभेच्या कडांवर रेंगाळणारा मऊ आंबटपणा त्याचा. सोरपोतेलच्या चरबीला तोच आंबटपणा तोलून धरतो.

आज बहुतेक घरांत बाजारातलं कोरडं यीस्ट वापरतात. 1949च्या दारूबंदी कायद्यानंतर ताडी स्वयंपाकघरापासून दूर गेली. कोरड्या यीस्टचा फुगा वाईट नसतो. तो हलका होतो, रंग चांगला धरतो आणि दर वेळी सारखाच उतरतो. पण तिथे एकटं यीस्ट काम करतं, तेही झटपट. आम्लाला तयार व्हायला वेळच मिळत नाही. गोव्याच्या पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, पावातून सूर, म्हणजे माडाची ताडी, गेली तेव्हाही हेच हरवलं.

म्हणून ताडीच्या फुग्याची पाककृती लिहून ठेवणं पुरेसं नाही. त्यातलं खमीर कागदावर उतरत नाही. ते झाडावर, मडक्यात आणि झाडावर चढणाऱ्याच्या रोजच्या कामात जगतं. गोराईचे ताड-माड तोडले गेले किंवा मडकं बांधणारा उरला नाही, तर कोणत्याही प्रयोगशाळेला ती नेमकी संगत पुन्हा जमवता येणार नाही. गावठाणांचा वारसा जपायची भाषा आपण करतो, तेव्हा जुन्या घरांबरोबर या झाडांची नोंद व्हावी आणि स्वयंपाकापुरती ताडी सरळ मार्गाने मिळावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.