सुगंधाची मर्यादा

पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधद्रव्यांची परीक्षा अलीकडे एकाच मापाने होऊ लागली आहे : ते किती तास टिकते? आठ तास, बारा तास, दुसऱ्या दिवसाच्या स्नानापर्यंत! टिकाऊपणा हा गुण आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि तो सौंदर्याचा पुरावा नव्हे. सुगंध टिकतो कसा आणि टिकताना इतरांशी वागतो कसा, हा खरा प्रश्न. त्या दृष्टीने आम्ही पॅरिस येथील, १८२८ साली स्थापन झालेल्या गेर्लँ या पेढीचे ‘वेतिव्हे’ आठवडाभर लावून पाहिले आणि तुलनेस कनोजचे वाळ्याचे अत्तर जवळ ठेवले.

ही निवड सहेतुक आहे. ‘वेतिव्हे’ हे नाव फ्रेंच वेषात आले तरी त्याचे कूळ तमिळ आहे. मूळ शब्द ‘वेट्टिवेर’. त्यातील ‘वेर’ म्हणजे मूळ. संस्कृतातील उशीर तो हाच आणि आपला माठातला वाळाही हाच. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकारंभी व्याकूळ शकुंतलेसाठी नेला जातो तो लेप उशीराचाच. वराहमिहिराने तर ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तेव्हा पाहुणा म्हणून आलेल्या या द्रव्याची विचारपूस करण्याचा अधिकार आपणांस निश्चित आहे.

‘वेतिव्हे’ लावताच प्रथम लिंबाच्या जातीचा तरतरीत गंध येतो. अर्ध्या तासात तो ओसरतो आणि जायफळ, मिरी व तंबाखू यांची कोरडी ऊब जाणवते. दोन तासांनी मूळ प्रकट होते. यात जादू नाही. लिंबवर्गीय तेलांचे रेणू हलके असल्याने लवकर उडतात. वाळ्याच्या तेलाचे जड रेणू सावकाश उडत राहतात. पण कोणी केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प व्हावे, ही योजना झाँ-पॉल गेर्लँ या रचनाकाराची आहे. संध्याकाळी मनगट नाकाजवळ नेल्यावाचून गंध येत नाही. नेले की मात्र तो हजर असतो.

कनोजच्या अत्तराची प्रकृती वेगळी. तांब्याच्या देगेत मुळे पाण्यासह तापवून निघणारी वाफ भपक्यात थंड करतात. अन्य अनेक अत्तरे परंपरेने चंदनतेलात उतरवीत. ‘रूह खस’ मात्र केवळ मुळाचेच तेल. मद्यार्क नसल्याने ते अंगावर धावून येत नाही आणि कपड्यावर दुसऱ्या दिवशीही राहते. न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. त्याला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण. उणीव एवढीच, की पहिल्या क्षणी सांगितले तेच ते अखेरपर्यंत सांगत राहते. उलट फ्रेंच द्रव्यात रचना आहे, डौल आहे. पण मुळावरची माती थोडी अधिकच धुतली गेली आहे. खोलीचे श्रेय आम्ही कनोजला देऊ, रचनेचे पॅरिसला.

आता मुद्दा देवळाचा. पंचोपचारांत गंध पहिला. देवाला वाहावयाचे फूल आपण आधी हुंगत नाही, कारण त्या सुवासावर पहिला अधिकार देवाचा. अशा ठिकाणी कृत्रिम लाकडी-अंबरी द्रव्यांच्या बळावर दहा हात पुढे धावणारा सुगंध लावून एखादे गृहस्थ आले, की सभामंडपातील जाई, चंदन, धूप, कापूर सारेच लोपतात. आपल्या अंगणात झाड लावण्याचा हक्क प्रत्येकास आहे. फांद्या शेजाऱ्याच्या छपरावर गेल्या की तंटा सुरू होतो. मागे उभ्या असलेल्या आजीबाईंच्या ओंजळीतील फुलांचा वास आपल्या कपड्यांनी हिरावून घ्यावा, हे शिष्टाचारातही बसत नाही आणि भक्तीतही नाही.

मग सुगंध लावूच नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. अनुलेपन गृहस्थाश्रमाला निषिद्ध नाही आणि नीटनेटकेपणा हाही देवापुढे जाताना पाळावयाचा आदरच आहे. आमचे म्हणणे प्रमाणाचे आहे. ‘वेतिव्हे’चा सदऱ्याच्या आत एक फवारा किंवा अत्तराचे मनगटावर एक बोट पुरते. खरेदी करताना दुकानातील पहिल्या झुळकीवर भाळू नये. हातावर लावून निदान दोन तास हिंडावे, मग पैसे मोजावेत. आणि अखेरची परीक्षा आरतीच्या वेळी घ्यावी. कापूर पेटल्यावर त्याचा वास आपल्यापर्यंत निर्वेध पोहोचला, आणि घरी परतल्यावर मनगटावर वाळा अजून शिल्लक असला, तर ते द्रव्य खुशाल घ्यावे.