‘शेतकऱ्याचा असूड’ आणि करभाराचा न्याय

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, खंबाटकीचा घाट आणि नीरा नदी यांच्या दरम्यान खंडाळा तालुका पसरला आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस येथपर्यंत पुरता पोहोचत नाही. याच तालुक्यातील नायगाव येथे पाटलाच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला, आणि या नात्याने जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांचा या मुलखाशी संबंध जडला. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण हेही सातारा जिल्ह्यातलेच. ‘शेतकऱ्याचा असूड’ या त्यांच्या ग्रंथातील शेतकऱ्याला गावाचे नाव दिलेले नाही. परंतु कोरडवाहू जमीन, ठरावीक हप्त्याने येणारा सारा आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेला तो माणूस या पट्ट्यातला नव्हे असे म्हणणे कठीण आहे.

या ग्रंथाचे वाचन आजवर मुख्यत्वे दोन अंगांनी झाले. कोणी त्यात ब्राह्मणी वर्चस्वावरील प्रहार पाहिला, तर कोणी मराठी गद्यातील ग्रामीण वास्तवाचे पहिले ठसठशीत चित्र पाहिले. दोन्ही वाचने खोटी नाहीत. पण ग्रंथाच्या पाचही प्रकरणांतून एक प्रश्न सारखा डोके वर काढतो आणि त्याकडे वाङ्मयाभ्यासकांनी, अर्थशास्त्र हे आपले क्षेत्र नव्हे अशा समजुतीने, पाठ फिरविलेली दिसते. तो प्रश्न असा : राज्याचा खर्च कोणी सोसावा आणि कोणी कमी सोसावा? धनिकाने गरिबापेक्षा अधिक कर द्यावा काय, या विषयाची चर्चा मराठीत पाश्चात्य अर्थशास्त्राच्या भाषांतरित पुस्तकांवरून सुरू झाली असे मानण्याचा प्रघात आहे. ‘असूड’ नीट वाचल्यास तो प्रघात सोडावा लागतो.

प्रथम ग्रंथाच्या इतिहासाविषयी थोडेसे. लेखन १८८३ च्या जुलैमध्ये पूर्ण झाले. आरंभीची प्रकरणे ‘दीनबंधू’त आली, पुढील छपाई थांबली. ग्रंथ लेखकाच्या हयातीत पुस्तकरूपाने निघाला नाही, आणि १९६९ साली समग्र वाङ्मयाची आवृत्ती निघाल्यावरच तो सामान्य वाचकाच्या हाती सहज येऊ लागला. मध्यंतरीच्या काळात करविषयक मराठी विचार त्याच्या साहाय्याविनाच वाढला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रास्ताविकातील पद्य सर्वांच्या तोंडी आहे. त्यात विद्येच्या अभावापासून निघून मती, नीती, गती अशा पायऱ्यांनी वित्तनाशापर्यंत कार्यकारणाची साखळी जाते. सभासंमेलनांतून ते इतके म्हटले गेले आहे की ग्रंथाचा सिद्धांतही तोच असे गृहीत धरले जाते. वस्तुतः प्रकरणे उलट दिशेने चालतात. त्यांत आधी वित्त जाते. सारा, लोकल फंड, मिठावरील कर, शहराच्या नाक्यावरील जकात, आणि त्यांच्या जोडीला धर्मकृत्यांच्या निमित्ताने होणारी वसुली, या सर्वांतून शेतकऱ्याजवळ काही उरत नाही, म्हणून मुलगा शाळेत जात नाही. आणि ज्या शाळेसाठी पैसा घेतला ती शाळा तर त्याच्या गावात नसतेच. पद्यातील सरळ साखळी गद्यात येऊन वर्तुळ बनते. ग्रंथाचे सामर्थ्य त्या वर्तुळात आहे.

लोकल फंडाचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. मुंबई इलाख्यात जमीनसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा अशी पट्टी बसविली गेली, आणि १८६९ च्या कायद्याने तिला स्थिर रूप आले. या निधीचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे शिक्षणासाठी जो खास कर होता तो जमीन कसणाऱ्यावर होता. पुण्यामुंबईच्या वकिलावर वा पेढीवाल्यावर तो नव्हता. १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात फुल्यांनी हंटर कमिशनपुढे नेमकी हीच विसंगती मांडली. सरकारी तिजोरीत रयतेच्या श्रमांतून पैसा येतो, वरिष्ठ व श्रीमंत वर्गांकडून फारसे काही येत नाही, आणि तरीही उच्च शिक्षणाचा लाभ त्याच वर्गांना मिळतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘असूड’ त्यानंतर नऊ महिन्यांनी पूर्ण झाला. निवेदनातील हिशेबाला ग्रंथात माणसाचा चेहरा मिळाला.

हा चेहरा चौथ्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसतो. साहेबाच्या छावणीवरून निराश होऊन परतलेला शेतकरी झाडाखाली बसून स्वतःशीच बोलतो. सारा वाढला आहे, पाऊस गेला आहे, आणि वर दाद लागलेली नाही. त्यापाठोपाठ त्याच्या घराचे वर्णन येते. जमीन, भिंती, भांडी, अंथरूण, गोठा, एकामागून एक वस्तू. काही टीकाकारांना ही यादी पाल्हाळिक वाटली आहे. परंतु जप्तीचा कारकून घरात शिरला म्हणजे जी यादी करील तीच ही यादी आहे. फरक एवढाच की येथे यादी करणाऱ्याला लाज वाटते. कर देण्याची ऐपत म्हणजे काय, याचे इतके प्रत्यक्ष मोजमाप त्या शतकातील दुसऱ्या कोणत्याही मराठी लेखनात आढळणे अवघड आहे. न्यायमूर्ती रानडे यांचे निबंध विद्वत्तेने कितीतरी भारी आहेत, पण त्यांत चूल नाही.

सारावाढीचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. प्रिंगलने १८३० च्या सुमारास निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असे सूत्र पुणे भागात लावून पाहिले व ते कोसळले. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ पासून इंदापुरात जी पाहणी केली तिच्यावर पुढे सगळ्या दख्खनची व्यवस्था उभी राहिली. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर ती पद्धत या जिल्ह्यातही आली. मातीची खोली व पोत पाहून जमिनीची प्रत ठरे, आण्यांत तिचे मूल्य लावले जाई आणि तीस वर्षांसाठी आकार कायम होई. ही पद्धत कागदावर अत्यंत निःपक्षपाती होती. तीत जातीला स्थान नव्हते, वशिल्याला स्थान नसावे असा हेतू होता. पण तीत माणसालाही स्थान नव्हते. आकार जमिनीवर होता. ती जमीन तीन एकरांच्या धन्याची की तीनशे एकरांच्या, हे विचारण्याची सोयच नव्हती. इंदापूरच्या १८६७ च्या फेरपाहणीत आकार निम्म्याहून अधिक वाढला. पुढे १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली, तीही अशी की एखाद्या खातेदाराचा आकार दुप्पट होण्यास आडकाठी राहिली नाही! १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्याला सावकारापासून काही संरक्षण दिले. साऱ्यापासून मात्र दिले नाही.

त्याच काळात इनाम जमिनींवर पुष्कळदा पूर्ण आकाराऐवजी जुडी घेतली जाई. खंडाळा त्या वेळी वाई तालुक्याचा पेटा होता, आणि ज्या वाईच्या परिसरात इनामे पुष्कळ होती तेथे एकाच शिवारात दोन प्रकारचे धनी नांदत होते. उत्पन्नावरील कराची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जेम्स विल्सनने १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. सुशिक्षितांच्या व व्यापाऱ्यांच्या ओरडीमुळे तो १८६५ मध्ये गेला, १८६९ मध्ये फिरून आला, १८७३ मध्ये फिरून गेला. जमीनसारा मात्र एकदाही गेला नाही. ‘असूड’ लिहिला गेला त्या वर्षी हिंदुस्थानात सर्वसाधारण प्राप्तिकर नव्हता, आणि मिठावर मणामागे दोन रुपये कर होता. हा संदर्भ समोर ठेवला म्हणजे फुल्यांच्या भाषेतील कडवटपणा अतिशयोक्तीचा वाटत नाही.

तथापि ग्रंथाच्या युक्तिवादात एक उणीव आहे, आणि गौरवपर लेखनात ती झाकली जाते. फुले ज्या तत्त्वावर उभे आहेत ते मुख्यतः लाभाचे तत्त्व आहे : जो देतो त्याला मिळत नाही, ज्याला मिळते तो देत नाही. या तत्त्वाने अन्याय उघडा पडतो, पण न्यायाची व्यवस्था उभी राहत नाही. केवळ लाभाच्या प्रमाणात कर घ्यावयाचा तर दुष्काळात ज्याला अन्नछत्राची गरज आहे त्याच्याकडूनच सर्वाधिक घ्यावा लागेल. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने स्वतः मदतकार्य केले होते. तेव्हा हा विपरीत निष्कर्ष फुल्यांना मान्य होणे शक्य नव्हते. पाचव्या प्रकरणात ते तळी, बंधारे, शेतकीच्या शाळा, उत्तम अवलादीची जनावरे मागतात. यासाठी पैसा कोठून यावा? फौजफाट्याकडून बंधाऱ्यांचे काम करून घ्यावे, बड्या पगारांना व पेन्शनींना कात्री लावावी, असे त्यांचे उत्तर आहे. ते सणसणीत आहे, पुरेसे नाही. खर्च कमी करा, असे ते सांगतात. श्रीमंतांच्या उत्पन्नावर किती व कोणत्या दराने कर बसवावा याची योजना ग्रंथात नाही.

ही उणीव भरून निघण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. मधल्या टप्प्यावर गोखले आहेत. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी मिठावरील कर व जमीनसारा कमी करण्याची मागणी केली, आणि त्याच भाषणात प्राप्तिकराची माफीची मर्यादा पाचशेवरून हजारावर न्यावी असेही म्हटले. दोन्ही मागण्या एका वाक्यप्रवाहात येतात, परंतु त्यांचे लाभार्थी एक नव्हेत. १९०३ मध्ये मिठाचा कर उतरला, प्राप्तिकराची मर्यादाही वाढली. जमीनसाऱ्याला अशी मर्यादा मिळाली नाही. ही तुलना डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना सरळ केली. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसास सोडतो आणि वर चढत जातो, जमीनसारा मात्र एकराच्या धन्यास व शेकडो एकरांच्या धन्यास एकाच दराने लागतो, असा त्यांचा आक्षेप होता. येथे लाभाचे तत्त्व मागे पडून ऐपतीचे तत्त्व पुढे येते. समान दर म्हणजे समान न्याय नव्हे, हे ‘असूडा’त घराच्या वर्णनातून जाणवते, आंबेडकरांच्या भाषणात ते सिद्धांत म्हणून मांडले जाते. दुसऱ्याला पहिल्याची पूर्तता म्हणावयास हरकत नाही, पण पहिल्याशिवाय दुसरे कोरडे वाटते, हेही नमूद केले पाहिजे.

ग्रंथाची दुसरी मर्यादा ‘शेतकरी’ या शब्दात आहे. फुले कुणबी, माळी, धनगर असे भेद सांगतात. परंतु मोठा खातेदार आणि अल्पभूधारक हा भेद त्यांच्या लेखनात ठळक होत नाही. परकीय सरकार व भिक्षुकशाही यांच्यासमोर सर्व शेतकऱ्यांना एक लेखणे त्या काळी आवश्यक होते. पुढे तोच एकवचनी शेतकरी भलत्यांच्या उपयोगी पडला. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून वगळले, कारण त्यावर सारा होताच. मिठाचा कर १९४७ मध्ये गेला, व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने संपली, सारा हळूहळू नगण्य झाला. ती वगळणूक मात्र राहिली. १९७२ मध्ये राज समितीने मोठ्या शेतीधारणेवर कर सुचविला, तो अमलात आला नाही. आता खंडाळ्याच्या माळावर दोन एकर ज्वारी काढणारा आणि शेतीच्या नावे मोठी मिळकत दाखविणारा, दोघेही प्राप्तिकराच्या दृष्टीने एकच ‘शेतकरी’ आहेत. पहिला पंपाच्या डिझेलवर कर भरतोच. त्या करात धन्याची ऐपत पाहण्याची सोय विंगेटच्या प्रतबंदीइतकीच आहे.

या दृष्टीने ‘असूडा’च्या अभ्यासाचे एक काम अजून शिल्लक आहे. चौथ्या प्रकरणातील स्वगत आणि वाई तालुक्याच्या पाहणीचे छापील अहवाल शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. अहवालात जमिनीची प्रत सापडेल. ती कसणाऱ्याच्या घरी काय होते, ते स्वगतात सापडेल. मराठी विभागातील विद्यार्थ्याने अहवाल उघडण्याचा आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वगत वाचण्याचा संकोच सोडला, तर हे काम एका पदव्युत्तर प्रबंधात होण्यासारखे आहे.