'समांतरक' या प्रतिशब्दाविषयी

वैद्यकीय सायक्लोट्रॉनविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्यास 'टार्गेट' व 'कॉलिमेटर' यांसाठी 'लक्ष्य' आणि 'समांतरक' हे प्रतिशब्द सहज सुचतात. तथापि प्रतिशब्द मूळ शब्दाशी जुळणे आणि वस्तूशी जुळणे या दोन भिन्न गोष्टी होत.

मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी बंद पडली आणि टेक्नेशियम-९९एम या निदानोपयोगी समस्थानिकाचा तुटवडा अनेक देशांना जाणवला. त्यानंतर तेथील संशोधकांनी सायक्लोट्रॉनचा मार्ग धरला. मॉलिब्डेनम-१०० वर प्रोटॉन आदळला व दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, की हा समस्थानिक सिद्ध होतो. त्याचे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे. त्यामुळे साठा करता येत नाही, आणि उत्पादन वाढवावयाचे तर झोताचा प्रवाह वाढवावा लागतो. परंतु १८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा, १०० मायक्रोअँपिअरचा झोत १.८ किलोवॅट शक्ती वाहून आणतो. ती सोसणारे 'लक्ष्य' ही केवळ वेधाची खूण नव्हे; तो कच्चा माल आहे, आणि त्यामागील धातूच्या पत्र्यास पाण्याने अखंड थंड ठेवावे लागते. एवढा अर्थविस्तार 'लक्ष्य' हा शब्द पेलू शकेल.

'समांतरक' मात्र दिशाभूल करतो. येथे कॉलिमेटर झोतास समांतर करीत नाही. त्याची विस्कटलेली कड अडवितो. झोताचा दशांश भाग त्यावर अडला, तर १८० वॅट उष्णता त्याच्याच अंगी जिरते, तो स्वतः किरणोत्सारी होतो आणि लक्ष्यास तेवढा प्रवाह कमी मिळतो. 'समांतरक' वाचून भिंगासारखे उपकरण डोळ्यांपुढे आणणाऱ्या विद्यार्थ्यास, लक्ष्य सुधारून कॉलिमेटर जुनाच ठेवल्यास सुधारणा अपुरी का राहते, हे उमगणार नाही.

मुळात 'कॉलिमेटर' हा शब्दच एका अपपाठातून जन्मला आहे. 'सरळ रेषेत आणणे' या अर्थाचे लॅटिन 'कोल्लिनेआरे' हे क्रियापद चुकून 'कोल्लिमारे' असे वाचले गेले आणि तेच शास्त्रात रूढ झाले. प्रकाशशास्त्रात 'समांतरक' खुशाल नांदो. सायक्लोट्रॉनपुरता 'झोतमर्यादक' हा शब्द योजावा, नाहीतर 'कॉलिमेटर'च ठेवावा. परका शब्द वाचकास थांबवून विचारावयास लावतो. चुकीचा स्वकीय शब्द त्यास समजल्याचा भास करून देतो. परिभाषेच्या दृष्टीने हा दुसरा दोष अधिक घातक होय.