तहाची भाषा आणि घराची आठवण

इस्रायल आणि त्याचे अरब शेजारी यांच्यातील शांततेच्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः करारांच्या तारखांनी सांगितला जातो. १९७९ मध्ये इजिप्तशी तह झाला. १३ सप्टेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टन येथे यित्झाक राबिन आणि यासर अराफत यांनी हस्तांदोलन केले. १९९४ मध्ये जॉर्डनशी तह झाला. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीव येथील शांतता मेळाव्यानंतर राबिन यांची हत्या झाली, तेव्हा त्याच मेळाव्यात गायिलेल्या शांतिगीताचा रक्ताने माखलेला कागद त्यांच्या खिशात सापडला. काव्य आणि राजकारण यांचे सख्य किती ठिसूळ असते, याचे हे दारुण प्रतीक होय. परंतु प्रतीकापाशी थांबून समीक्षेचे काम भागत नाही. या संघर्षातून निर्माण झालेल्या साहित्याने शांततेविषयी नेमके काय जाणले, हा खरा प्रश्न आहे.

१९९३ च्या कराराने जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे कळीचे प्रश्न पुढील वाटाघाटींवर सोपविले. त्यांपैकी सर्वांत दुखरा प्रश्न, घर गमावलेल्या माणसांचा, साहित्याने मात्र फार आधीच हाती घेतला होता. एस. यिझहार यांची ‘खिरबेत खिझे’ ही हिब्रू दीर्घकथा १९४९ मध्येच प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक इस्रायली सैनिक आहे. अरब खेडे रिकामे करण्याच्या कामगिरीवर तो आलेला आहे. गावकऱ्यांना ट्रकमध्ये चढविले जात असताना त्याला आपल्याच लोकांचा शतकानुशतकांचा वनवास आठवतो. तो अस्वस्थ होतो, क्षीण आक्षेप घेतो. पण तुकडी सोडत नाही. कृतीत न उतरणारी ही टोचणी म्हणजे कथेचे वैगुण्य नव्हे. तोच तिचा आशय आहे.

या कथेशेजारी घस्सान कनफानी यांची ‘हैफाला परतताना’ ही १९६९ मधील अरबी लघुकादंबरी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. १९४८ च्या धुमश्चक्रीत हैफातील घर आणि तान्हे मूल मागे राहिलेले पॅलेस्टिनी दांपत्य १९६७ नंतर ते घर पाहायला येते. घरात पोलंडहून आलेली ज्यू स्त्री राहते. तिचे वडील नाझींच्या छळछावणीत बळी पडलेले आहेत. तिने वाढविलेला त्यांचा मुलगा आता इस्रायली सैन्यात आहे आणि जन्मदात्यांना तो नाकारतो. कनफानी हे लढाऊ चळवळीचे प्रवक्ते. १९७२ मध्ये बैरूत येथील बाँबस्फोटात त्यांचा अंत झाला. अशा लेखकाने शत्रूच्या दुःखाला आपल्या कथेत सन्मानाने जागा द्यावी, ही साधी गोष्ट नाही. तथापि कथेचा शेवट समेटाचा नाही. दुसऱ्या मुलाने तरी सशस्त्र लढ्यात सामील व्हावे, अशी इच्छा बाळगून पिता परततो. यिझहारांच्या निवेदकाची सहवेदना कृतीपूर्वीच अडखळते. कनफानींच्या नायकाची समज युद्धाच्या दिशेने वळते. दुसऱ्याचे दुःख ओळखणे म्हणजे त्याच्याशी समेट होणे नव्हे, हे या दोन्ही कृती न सांगता दाखवितात.

महमूद दरवीश यांची भूमिका याच प्रकाशात पाहावी लागते. त्यांचे अल्-बिरवा हे गाव १९४८ मध्ये उद्ध्वस्त झाले. १९८८ च्या पॅलेस्टिनी स्वातंत्र्यघोषणेचे लेखन त्यांनी केले आणि १९९३ च्या कराराच्या निषेधार्थ मुक्तिसंघटनेच्या कार्यकारिणीचा राजीनामाही दिला. यावरून त्यांना शांततेचे वैरी ठरविणे हा अपवाचनाचा नमुना होईल. शब्दाच्या नेमकेपणावर ज्याचे सारे जीवित उभे, त्या कवीने करारातील संदिग्धता नाकारली, एवढाच त्याचा अर्थ. २००० मध्ये त्यांच्या कविता इस्रायली शाळांत शिकविण्याची सूचना पुढे आली, तेव्हाही राजकीय वादळ उठले. एमिल हबीबी यांनी पॅलेस्टिनी आणि इस्रायली असे दोन्ही सन्मान स्वीकारले. १९९२ मधील इस्रायली पुरस्काराबद्दल अरब लेखकांची टीका त्यांना सोसावी लागली. त्यांनी आपल्या १९७४ च्या कादंबरीच्या नायकासाठी आशावाद आणि निराशावाद यांना जोडून एकच शब्द घडविला. या प्रदेशाच्या मनःस्थितीचे इतके नेमके वर्णन कोणत्याही जाहीरनाम्यात आढळत नाही.

२०२० मध्ये इस्रायलचे संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांच्याशी करार झाले. पॅलेस्टिनी प्रश्न त्यांत अनिर्णितच राहिला. ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचा गाझाचा विध्वंस यांनी पुढे ढकललेले प्रश्न विझत नाहीत, हे भीषण रीतीने सिद्ध केले. साहित्य तह घडवू शकत नाही, तसा दावाही त्याने करू नये. परंतु ज्या घरात आज आपण राहतो तेथे दुसऱ्या कोणाची आठवणही राहते, हे मान्य केल्यावाचून झालेला तह कागदावरच उरतो. यिझहार आणि कनफानी यांनी हे कठोर सत्य परस्परविरोधी बाजूंनी लिहून ठेवले. त्यांच्या लेखनाचे मोल त्यातच आहे.